खाण आणि वस्ती यांमधली रेघ: जुन्या हवाई छायाचित्रांतून खाणगावाचा इतिहास कसा वाचावा

खाणगावाचा इतिहास कागदपत्रांत शोधायला गेलं की बहुतेक वेळा कंपनीचाच इतिहास हाती लागतो. उत्पादन किती झालं, शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर) किती खोल गेला, मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, हे सगळं मिळतं. लोक नेमके कुठे राहत होते, कोणती गल्ली कधी उठवली, मातीचा ढीग शाळेच्या किती जवळ आला होता, हे मात्र क्वचितच सापडतं. हवाई छायाचित्रांत ते असतं. मॅनेजरचा बंगला आणि मजुरांच्या झोपड्या विमानातल्या कॅमेऱ्याने एकाच फ्रेममध्ये, एकाच प्रमाणात टिपलेल्या असतात. म्हणूनच जिथे वस्तीची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही, तिथे या फोटोंचं मोल फार मोठं आहे.

अशा फोटोंत पाहण्यासारखं इतकं असतं की माणूस भरकटतो. त्यामुळे एक गोष्ट धरून चाला: खाणीची जमीन संपून राहती जमीन जिथे सुरू होते, ती रेघ. प्रत्येक काळाच्या फोटोवर ती काढायची आणि ती कधी, कुठे, किती सरकली ते पाहायचं. गावाची वाढ, स्थलांतर, प्रदूषण, पुनर्वसन हे सगळे प्रश्न शेवटी या रेघेपाशी येतात.

फोटो कुठून मिळवायचे

पहिल्या महायुद्धात हवाई छायाचित्रणाचं तंत्र पक्कं झालं. १९२० आणि १९३०च्या दशकांत अनेक देशांनी नकाशे बनवण्यासाठी पद्धतशीर उड्डाणं सुरू केली. ज्या देशातलं गाव असेल त्या देशाच्या नकाशा-खात्याकडे किंवा राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आधी चौकशी करा. ओटावामधल्या राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रहात कॅनडाचे साठ लाखांहून जास्त फोटो आहेत. एडिनबरोमधल्या राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रहात ब्रिटनबाहेरच्या अनेक देशांचेही फोटो आहेत, कारण ब्रिटिशांच्या वसाहतींची मोजणी करण्यासाठी १९४६ साली स्थापन झालेल्या खात्याची चित्रं पुढे तिथे जमा झाली. फ्रान्सच्या नकाशा-संस्थेच्या संकेतस्थळावर जुनी आणि नवी चित्रं शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात.

गावाची विमानातून काढलेली चित्रं मिळत नसतील तर अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांकडे वळा. कोरोना मालिकेतली १९६० ते १९७२ या काळातली चित्रं १९९५ साली खुली झाली. त्यांतल्या सर्वांत चांगल्या चित्रांत सुमारे दोन मीटर आकाराच्या वस्तू ओळखता येतात. ती अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र सर्वेक्षणाच्या 'अर्थएक्सप्लोरर' या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथेच लँडसॅट उपग्रहांची १९७२पासूनची चित्रंही आहेत आणि २००८पासून ती विनामूल्य मिळतात. पहिल्या लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरचा होता, त्यामुळे घरं दिसणार नाहीत. खड्ड्याचा आणि ढिगाऱ्यांचा पसारा मात्र जवळजवळ वर्षागणिक दिसतो. अलीकडच्या काळासाठी गुगल अर्थ प्रोमधली मागची वर्षं दाखवणारी पट्टी आणि सेंटिनेल-२ उपग्रहांची २०१५पासूनची दहा मीटर ठिपक्याची चित्रं पुरेशी आहेत.

फोटो मागवताना दोन गोष्टींचा आग्रह धरा. छापील प्रत किंवा पडद्यावर दिसणारं छोटं चित्र नको, मूळ फिल्मवरून केलेलं स्कॅन हवं, निदान १२०० डीपीआयचं (म्हणजे एका इंचात १२०० ठिपके). आणि एकच फोटो न घेता त्याच्या आगेमागचे फोटोही मागा. ते का, हे पुढे येईल.

आधी फोटोची कड वाचा

मोजणीसाठी काढलेल्या बहुतेक फोटोंची फिल्म २३ सेंटिमीटर बाय २३ सेंटिमीटर असते. चित्राच्या चौकटीबाहेर तारीख, उड्डाणाचा क्रमांक, फोटोचा क्रमांक, कॅमेऱ्याचं नाभीय अंतर (ढोबळमानाने भिंग आणि फिल्म यांमधलं अंतर) आणि अनेकदा घड्याळाची व उंचीमापकाची छोटी तबकडीही छापलेली असते. स्कॅन करताना कोणी ही कड कापली असेल तर अर्धी माहिती गेली समजा.

या कडेवरून प्रमाण काढता येतं. नाभीय अंतराला जमिनीपासूनच्या उंचीने भागायचं. १५२ मिलिमीटरची भिंग असलेला कॅमेरा जमिनीपासून ३,०४० मीटर उंचीवर असेल तर प्रमाण १:२०,००० येतं. म्हणजे एका फोटोत साधारण ४.६ किलोमीटर बाजूचा चौकोन मावतो आणि १२०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक ठिपका जमिनीवर सुमारे ४२ सेंटिमीटरचा होतो. इतक्या तपशिलात घराचं छप्पर, अंगणातली वेगळी खोली आणि रुळांवरच्या वाघिणी दिसतात. उंची मात्र जमिनीपासूनची धरायची. उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि खाणगावं पुष्कळदा डोंगरावर असतात. पेरूमधलं सेर्रो दे पास्को ४,३०० मीटरहून उंच आहे. तिथे हा फरक विसरलात तर सगळी मापं चुकतील.

खड्डा उंचवटा दिसू नये म्हणून

उजेड वरून येतो आणि सावली आपल्याकडे पडते, असं मेंदू गृहीत धरतो. उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच भागात दुपारच्या सावल्या उत्तरेकडे पडतात आणि आपण उत्तर वर ठेवून फोटो पाहतो. मग खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि ढीग खड्ड्यासारखा. खाणीच्या फोटोंत या गोंधळाने सगळंच उलटं होऊ शकतं. उपाय सोपा आहे. सावल्या आपल्या दिशेने येतील असा फोटो फिरवा आणि आधी तसाच वाचा. नकाशावर बसवताना उत्तर पुन्हा वर घ्या.

याहून चांगला उपाय म्हणजे स्टिरिओस्कोप, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळा फोटो दाखवणारं दोन भिंगांचं साधन. मोजणीच्या उड्डाणात लागोपाठच्या दोन फोटोंत सुमारे ६० टक्के भाग सामाईक असतो. ती जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवली की जमीन उठून दिसते. आगेमागचे फोटो मागायला सांगितलं ते यासाठी. साध्या घडीच्या स्टिरिओस्कोपनेही काम भागतं. उघड्या खाणीचे बेंच (खोदलेल्या पायऱ्या), ढिगाऱ्याचा उतार, गाळाच्या बांधाची उंची हे सपाट फोटोत तासभर पाहून कळत नाही, ते इथे लगेच कळतं. उंची आकड्यात हवी असेल तर सावलीची लांबी मोजून तिला सूर्याच्या उन्नत कोनाच्या टॅनने गुणा. तारीख, वेळ आणि ठिकाण ठाऊक असेल तर तो कोन काढता येतो.

खाणीच्या खुणा

भूमिगत खाण वरून फार थोडी दिसते. शोधायचा तो हेडगियर, म्हणजे शाफ्टवरचा चाकांचा मनोरा. वरून तो केवळ ठिपका असतो, पण त्याची जाळीदार लांब सावली त्याला उघडं पाडते. त्याच्यापासून थोड्या अंतरावर, दोराच्या सरळ रेषेत, वाइंडिंग इंजिनाची, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राची, इमारत असते. ही जोडी सापडली की शाफ्ट सापडला. पुढच्या दशकाच्या फोटोत मनोऱ्याची सावली नसेल तर तो शाफ्ट त्या दरम्यान बंद झाला असण्याची शक्यता मोठी.

रेल्वे आणि रस्ता यांतला फरक वळणावरून ओळखा. रूळ सावकाश, मोठ्या त्रिज्येने वळतात, तर रस्ता कुठेही काटकोनात वळतो. डंपरचे रस्ते रुंद, फिकट आणि खड्ड्यात वळसे घेत उतरणारे असतात. डोंगर-नाले न जुमानता जाणारी, मध्ये ठरावीक अंतरावर ठिपके असलेली सरळ रेघ म्हणजे हवाई रोपवे. रुळांची जागा डंपरच्या रस्त्यांनी घेतली की खाण भूमिगतकडून उघड्या पद्धतीकडे वळली का, हा प्रश्न आवर्जून विचारा.

ढिगाऱ्यांवर सर्वांत जास्त वेळ द्या. रोपवेने किंवा उताराच्या ट्रॉलीने टाकलेला ढीग टोकदार शंकूसारखा होतो. रुळाच्या टोकावरून ओतलेला ढीग हाताच्या बोटांसारखा फाकत जातो. डंपरने रचलेला पायऱ्यापायऱ्यांचा आणि माथ्याला सपाट असतो. बारीक दळलेल्या खनिजाचा गाळ पाण्यातून वाहून आणून बांधामागे साठवतात. तो पांढुरका, गुळगुळीत दिसतो आणि त्याच्या एका कोपऱ्यात गडद पाणी असतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत स्वच्छ पाणी काळं, गढूळ पाणी फिकट आणि सूर्य थेट परावर्तित झाला तर पांढरंशुभ्र दिसतं. नुसत्या रंगावरून पाण्याबद्दल निष्कर्ष काढू नका.

ढिगाखाली काय आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर ढीग पडण्याआधीचा फोटो किंवा नकाशा काढून पाहावा लागतो. वेल्समधल्या ॲबरफॅनमध्ये २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीचा सात नंबरचा ढीग घसरून शाळेवर आणि घरांवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं होती. १९५८ साली सुरू झालेला तो ढीग झऱ्यावर रचला होता आणि तो झरा नकाशावर दाखवलेला होता. म्हणून प्रत्येक ढिगाची हद्द आखून ती सर्वांत जुन्या फोटोवर ठेवा. त्या हद्दीत नाला, ओलसर गडद पट्टा किंवा झाडांची वळणदार रांग आहे का ते पाहा. या अभ्यासातून आजच्या रहिवाशांच्या उपयोगी पडणारी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन.

झाडोराही वाचा. कॅनडातल्या सडबरीत निकेल-तांब्याच्या भट्ट्यांच्या धुराने मोठा प्रदेश उजाड झाला होता. १९७२ साली ३८१ मीटर उंचीची चिमणी उभी राहिली आणि १९७८पासून जमिनीत चुना घालून पुन्हा झाडं लावण्याची मोहीम सुरू झाली. फिकट खडकाळ डाग हळूहळू गडद होत जाताना तिथल्या चित्रमालिकेत दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमध्ये ॲल्बर्ट मॉरिस यांच्या प्रयत्नांतून १९३६पासून गावाभोवतीची जमीन कुंपण घालून चराईपासून वाचवली. कुंपणाच्या आत गडद आणि बाहेर फिकट अशी सरळ सीमा कुठे दिसली तर ती माणसाने आखलेली आहे हे ओळखा.

वस्ती कोणी वसवली

एकसारखी घरं, एकसारखं अंतर, एकाच दिशेला तोंड: ही कंपनीची क्वार्टर्स. वेगवेगळ्या आकाराची छपरं, वाकड्या गल्ल्या, वाट पायांनी पडलेली: ही लोकांनी स्वतः बांधलेली वस्ती. ती बहुधा कंपनीच्या हद्दीला चिकटून, नाल्याकाठी किंवा दोन लीजमधल्या (खाणकामासाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनींमधल्या) फटीत असते. मोठ्या आवाराची झाडांतली घरं साहेबांची. ती धुराच्या कोणत्या बाजूला आहेत हे पाहा. चिमणीचा धूर फोटोत ज्या दिशेला जातोय ती त्या दिवसाची वाऱ्याची दिशा. तीन-चार वेगवेगळ्या तारखांच्या फोटोंवरून नेहमीच्या वाऱ्याचा थोडा अंदाज येतो.

रस्त्यांची दिशाही बोलते. ब्रोकन हिलच्या मध्यवर्ती भागातल्या रस्त्यांची जाळी खनिजाच्या पट्ट्याला समांतर, तिरकी आहे. क्वीन्सलँडमधल्या माउंट आयझात नदीच्या एका बाजूला खाण आणि दुसऱ्या बाजूला गावाचा मोठा भाग आहे. तिथले लोक आजही 'खाणीकडची बाजू' आणि 'गावाकडची बाजू' असंच म्हणतात. गावाच्या मधोमध वर्षानुवर्षं मोकळी राहिलेली पट्टी दिसली तर खाली जुनं काम आहे, जमीन लीजमध्ये आहे की खचण्याचा धोका आहे, याचा शोध घ्या.

नकाशावर जी वसाहत छापलेली असते ती कधीकधी केवळ आखलेली असते आणि झोपड्यांची वस्ती अनेकदा नकाशावर नसतेच. त्या दिवशी तिथे प्रत्यक्ष काय उभं होतं, या प्रश्नावर नकाशा आणि फोटो यांत मतभेद असेल तर फोटोवर विश्वास ठेवा.

फोटो एकमेकांवर बसवणं

आता क्यूजीआयएससारखं विनामूल्य सॉफ्टवेअर लागेल. त्यातल्या जिओरेफरन्सर या साधनात जुन्या फोटोवरचा एक बिंदू आणि आजच्या चित्रावरचा तोच बिंदू अशा जोड्या द्यायच्या. सहा जोड्यांनी सुरुवात करा, पंधरा-वीसपर्यंत जा आणि त्या चारही कोपऱ्यांत पसरलेल्या असू द्या.

एरवी चर्चचा मनोरा, जुना पूल, टाउन हॉलचा कोपरा हे उत्तम बिंदू असतात. खाणगावात तेच फसवतात, कारण तिथे वास्तूही जागा सोडतात. चेकोस्लोव्हाकियातलं जुनं मोस्ट शहर लिग्नाइटसाठी (तपकिरी कोळशासाठी) पाडलं, तेव्हा १९७५ साली तिथलं चर्च रुळांवरून ८४१ मीटर हलवलं. स्वीडनमधल्या किरुनाचं १९१२ सालचं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५मध्ये आख्खं उचलून सुमारे पाच किलोमीटरवर नेलं. रूळ आणि रस्तेही वळवले जातात, खचणाऱ्या भागात तर जमीनच बाजूला सरकते. म्हणून बिंदू लीजच्या बाहेरचे निवडा: उघडा खडक, दूरचा रस्त्यांचा छेद, जुन्या शेताचा बांध. आणि प्रत्येक बिंदू किमान तीन काळांच्या फोटोंत एकाच जागी आहे याची खात्री करा.

दुसरी अडचण खोलीची. एकाच फोटोत उंच वस्तू मध्यबिंदूपासून बाहेर झुकतात आणि खोल वस्तू मध्याकडे सरकतात. वरच्या उदाहरणातला कॅमेरा घ्या. ३०० मीटर खोल खड्ड्याचा तळ फोटोच्या मध्यापासून जमिनीवर दीड किलोमीटर दूर असेल, तर साध्या जिओरेफरन्सिंगने तो सुमारे १३५ मीटर चुकीच्या जागी पडेल. त्यामुळे सगळे बिंदू गावाच्या पातळीवरचे घ्या आणि मोजमाप खड्ड्याच्या काठाचंच करा, तळाचं नको. कोरोनाची चित्रं लांब पट्टीच्या कॅमेऱ्याने काढलेली असल्याने टोकांना ताणली जातात. तिथे पट्टीचा मधला भाग वापरा किंवा लहान तुकडे करून एकेक बसवा.

सामाईक भाग असलेले सगळे फोटो हाती असतील तर पुढची पायरी गाठता येते. फ्रान्सच्या नकाशा-संस्थेने बनवलेलं मिकमॅक किंवा ओपनड्रोनमॅप यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर्स त्यांतून उंचीचं प्रारूप आणि दुरुस्त केलेला ऑर्थोफोटो बनवू शकतात. जुन्या फोटोंसाठी ती चालवायला चिकाटी लागते, पण दोन काळांच्या प्रारूपांची वजाबाकी केली की ढीग किती वाढला आणि खड्ड्यातून किती गेलं याचा आकारमानासह हिशेब मिळतो.

रेघ काढताना

प्रत्येक वर्षासाठी वेगळा थर उघडा आणि खाणीची जमीन बहुभुजाने आखा. त्यात खड्डा, ढीग, गाळाची तळी, कारखाना, सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ) आणि कुंपणातली मोकळी जागा सगळं घ्या. मग वस्तीचा बहुभुज आखा. दोघांच्या मधली किमान अंतरं मोजा: शाळेपासून, दवाखान्यापासून, शेवटच्या घरापासून.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं ब्यूट हे सरावाला उत्तम उदाहरण आहे. तिथे तांब्यासाठी दशकानुदशकं भूमिगत खोदाई चालली होती आणि हेडगियर घरांच्या रांगांमध्येच उभे होते. म्हणजे सुरुवातीच्या काळात रेघ एक नसते, प्रत्येक शाफ्टभोवती छोटी छोटी वर्तुळं असतात. १९५५ साली बर्कली पिट ही उघडी खाण सुरू झाली आणि ती वर्तुळं एकत्र येऊन एकच मोठी सीमा झाली. ती पूर्वेकडच्या वस्त्यांवरून सरकत गेली. मीडरव्हिल आणि मॅक्वीन या कामगारांच्या वस्त्या तिने गिळल्या. १८९९पासूनची कोलंबिया गार्डन्स ही बाग १९७३ साली बंद झाली आणि तिची जागाही खाणीकडे गेली. १९८२मध्ये पंप आणि खोदाई थांबली. त्यानंतरच्या चित्रांत सीमा जवळपास स्थिर राहते, पण खड्ड्यात आम्लयुक्त पाण्याचं तळं पुढची अनेक वर्षं रुंद होत गेलेलं दिसतं. रेघ थांबली म्हणजे खाण संपली असं होत नाही, हे ब्यूटची मालिका पाहून पक्कं समजतं.

खाण गावावर येते तसं कधी गावही खाणीवर येतं. सोडून दिलेल्या लीजवर घरं चढतात, जुना ढीग पुन्हा धातू काढण्यासाठी उचलला जातो आणि तिथे गोदामं उभी राहतात. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या ढिगाऱ्यांबाबत हे घडलं आहे. म्हणून आजच्या वस्तीचा बहुभुज जुन्या खाणीच्या बहुभुजांवर ठेवा. जिथे ते एकमेकांवर येतात तिथे कोणाचं तरी घर जुन्या शाफ्टवर, ढिगाऱ्यावर किंवा गाळावर आहे. हा भाग वेगळ्या रंगात दाखवा.

वरून न दिसणारी रेघ

किरुनात लोहखनिजाचा पट्टा तिरका, गावाच्या खाली जातो. खाण डोंगराच्या माथ्यावर सुरू झाली, नंतर जमिनीखाली गेली. खनिज काढलं की वरचा खडक ढासळू द्यायचा अशी तिथली पद्धत आहे. त्यामुळे तडे दरवर्षी गावाच्या दिशेने पुढे येतात. २००४ साली गाव हलवावं लागणार हे जाहीर झालं आणि पूर्वेला सुमारे तीन किलोमीटरवर उभारलेलं नवं केंद्र २०२२मध्ये खुलं झालं. जुन्या फोटोंत गाव शाबूत दिसतं, पण धोक्याची रेघ आधीच गावाखाली असते.

अशा ठिकाणी अप्रत्यक्ष खुणा गोळा करा: काठाला समांतर जाणारे बारीक वक्र तडे, पूर्वी नसलेली डबकी, वळवलेला रस्ता, कोरडा केलेला तळ्याचा भाग, रांगेत मधेच पाडलेली घरं. एकेकट्या खुणेला फार किंमत देऊ नका. तीन खुणा एका पट्ट्यात जुळल्या तर भूमिगत कामाचे नकाशे मिळवा आणि ते त्याच थरांवर बसवा.

नोंद कशी ठेवायची

१९५४च्या फोटोत घर आहे आणि १९६१च्या फोटोत नाही, तर ते '१९५४नंतर, १९६१पूर्वी' पाडलं, एवढंच लिहा. मधलं एक वर्ष निवडून लिहायचा मोह टाळा. प्रत्येक बहुभुजासोबत फोटोचा क्रमांक, तारीख आणि तुमचा भरवसा लिहा: नक्की, बहुधा, शंका. तुलना शक्यतो एकाच ऋतूतल्या फोटोंची करा, नाहीतर उन्हाळ्यात आटलेलं पाणी तुम्हाला 'घटलेलं तळं' वाटेल.

त्यानंतर मोठ्या आकारात छापलेले फोटो घेऊन तिथे राहिलेल्या लोकांकडे जा. तुमच्या रेघा न काढलेली प्रत आधी दाखवा, म्हणजे ते तुमचंच म्हणणं परत सांगणार नाहीत. नाहीशा झालेल्या गल्ल्यांची नावं, विहिरींच्या जागा, कुठल्या रांगेत कुठून आलेले लोक राहत होते, हे फोटो सांगू शकत नाही आणि हे लोक सांगतात. त्यांनी सांगितलेलं वेगळ्या थरात ठेवा, फोटोवरून तुम्ही ओळखलेलं वेगळ्या थरात. दोन्ही जुळत नसतील तिथे दोन्ही तसंच राहू द्या आणि त्या जागेचा आणखी एखाद्या वर्षाचा फोटो शोधायला लागा.